टेबलाखालचा पुठ्ठा

करंजवाडीच्या माध्यमिक विद्यालयात न्यूटनचा पहिला नियम लागू नव्हता. तसा काही सरकारी आदेश नव्हता. नववीची खोलीच तशी होती.

खोलीची फरशी खिडकीच्या बाजूला उतरती होती. बांधतानाच उतरती ठेवली होती की बांधल्यावर उतरली, यावर गावात दोन मतं होती, आणि ठेकेदार दोन्ही मतांना मान डोलवून केव्हाच दुसऱ्या तालुक्यात गेला होता. टेबलावर गोटी ठेवली की ती क्षणभर विचार करायची आणि खिडकीकडे निघायची. विज्ञानाचे शिक्षक राजमहंमद सर फळ्यावर लिहायचे, 'बाह्य बल लावले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते', आणि खडू ठेवून मागे वळेपर्यंत स्थिर वस्तू खाली पडून खिडकीकडच्या बाकांखाली पोचलेली असायची.

सर या शाळेत आले तेव्हा तरुण होते. नियम आणि फरशी यांचं जमत नसेल तर फरशी दुरुस्त करावी, असं तरुण माणसाला वाटतं. त्यांनी अर्ज केले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर खूप फिरले, पण नेमके कुठेच गेले नाहीत. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर त्यांना चाल होती, वेग नव्हता. वेगाला दिशा लागते.

शेवटी एकदा सरांनी लोणावळ्याच्या चिक्कीचं रिकामं खोकं फाडलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे टेबलाच्या खिडकीकडच्या दोन पायांखाली सरकवले. गोटी थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. न्यूटनला करंजवाडीत प्रवेश मिळाला तो असा, चिक्कीच्या खोक्यातून.

पण रोज संध्याकाळी झाडलोट करताना टेबल सरकायचं आणि पुठ्ठा इकडेतिकडे व्हायचा. म्हणून तो रोज सकाळी नव्याने घालावा लागे. शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतंच. आरोग्यमंत्री नखं बघतो, क्रीडामंत्री चेंडू हरवतो. नववीच्या मंत्रिमंडळात त्यामुळे एक खातं वाढलं. पुठ्ठामंत्री. वर्षानुवर्षं हे खातं वर्गातल्या सगळ्यात जबाबदार पोराकडे किंवा पोरीकडे जात आलं. यंदा ते राजेश्वरीकडे होतं. ही मुलगी शपथ घेतल्यापासून एक दिवस गैरहजर राहिलेली नव्हती, तापातसुद्धा.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. करंजवाडीची मुलं पाहिलेलं लिहितात. परीक्षेत पहिला नियम विचारला की उत्तरपत्रिकांमधून येई: 'बाह्य बल लावले नाही आणि टेबलाखाली पुठ्ठा घातला, तर स्थिर वस्तू स्थिर राहते.' सर सुरुवातीला पुठ्ठ्यावर लाल काट मारत. पुढे अर्धा गुण कापत. अलीकडे ते पूर्ण गुण देऊन पान उलटत. मुलं खोटं लिहीत नव्हती, आणि सरांची काट मारायची उमेद संपली होती.

सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागूनच त्यांचं घर होतं, इतकं जवळ की पहिली घंटा झाल्यावर चहा गाळला तरी दुसरीच्या आत वर्गात पोचता येई. 'बस अचानक सुरू झाली की उभे प्रवासी मागे झुकतात, कारण द्या' हा प्रश्न त्यांनी दरवर्षी विचारला, पण नोकरीसाठी रोज बस धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. उरलेलं वर्ष असंच जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बढती नको, सत्कार नको, शाल तर अजिबात नको. आहे तिथे राहू द्यावं. पुस्तकात याला जडत्व म्हणतात. घरात बायको हसिनाबी याला आळस म्हणत.

आणि अशात बातमी आली की तालुक्याचे इंजिनिअर साहेब शाळांच्या खोल्या तपासायला फिरताहेत. खोली धोकादायक निघाली की तिला कुलूप. करंजवाडीला दुसरी जादा खोली नव्हती, त्यामुळे नववी-दहावी कामशेतच्या शाळेला जोडली जाणार. तिथे विज्ञानाचे शिक्षक आधीच होते. म्हणजे राजमहंमद सर 'अतिरिक्त' ठरणार आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवले जाणार. रिकामी जागा एकच होती. ती आंदर मावळात, दोन बस बदलून, आणि वर चढण.

"तुम्ही जाल हो," हसिनाबी भाकरी थापत म्हणाल्या, "पण गुडघे येतील का? त्यांना विचारलंय?"

"अजून कोणी मला तरी कुठं विचारलंय?"

"मग तो पुठ्ठा नीट घाला म्हणावं त्या पोरीला."

"ती नीटच घालते."

"मग झालं तर. काळजी कसली करताय?"

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

साहेब शनिवारी येणार होते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका अनघा मॅडमनी सरांना ऑफिसात बोलावलं. मॅडम तळेगावहून लोकलने कामशेतला आणि तिथून स्कूटरने येत. शाळेवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाला असते तेवढी भीतीही होती.

"सर, उद्या टेबल व्यवस्थित दिसलं पाहिजे. मी काही खोटं करायला सांगत नाहीये हं."

"नाही मॅडम."

"रोज जसं असतं तसंच."

"रोज पुठ्ठा असतो."

"तेच म्हणतेय मी. रोज जसं असतं तसं." मॅडमनी टेबलावरचं घंटा वाजवायचं लाकूड उचललं आणि परत ठेवलं. "तुम्हालाही इथेच राहायचंय ना, सर?"

सर बाहेर आले, तर फाटकाशी सरपंच रखमाजी उभे. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात मोबाईल, आणि चेहऱ्यावर विकास.

"सर, उद्याच्याला तेवढा पुठ्ठा इसरा."

"का हो आबा?"

"खोली वाकडी दिसली तर नवीन मिळंल. दुमजली! मी वर बोलून ठिवलंय. पर सरळ दिसली तर कोण देतंय? सरळ माणसाला आन सरळ खोलीला कोन इचारत न्हाई."

"नवीन होईपर्यंत मुलं कुठं बसतील?"

"कामशेतला जातील की टेम्पोनी. किती लांब हाय?"

"आणि मी?"

रखमाजींनी हा मुद्दा विचारात घेतला नव्हता. त्यांनी तो जागच्या जागी घेतला. "तुमचं काय हो, एक वरीस तर ऱ्हायलंय. तितं बसा, न्हाईतर हितं बसा."

"आबा, शिकवताना उभं राहावं लागतं."

"मंग उभं ऱ्हावा. पर पुठ्ठा इसरा."

एका वस्तूवर दोन बाजूंनी सारखी आणि विरुद्ध बलं लावली की ती जागची हलत नाही. सर घरी गेले आणि आडवे झाले.

शनिवारी सकाळची शाळा. राजेश्वरीने येऊन नेहमीप्रमाणे पुठ्ठा घातला. घाल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. सर दारात उभे राहून बघत होते. बोलायचं ठरवलं असतं तर काय बोललो असतो, हेही त्यांनी ठरवलं नव्हतं.

साहेबांची जीप यायला उशीर झाला. सुट्टीला लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांनी जुना हायवे तुंबला होता, आणि सोमाटण्यापासून आपण फक्त पहिला गियर वापरलाय, असं साहेब उतरता उतरता म्हणाले. उतरायलाही त्यांना वेळ लागला. त्यांच्या शर्टावरून कमरेला रुंद पट्टा बांधलेला होता. आजवर त्यांनी पुष्कळ शाळा तपासल्या होत्या, आणि प्रत्येक शाळेने त्यांना शहाळं पाजलं होतं. हेही त्यांनी पुढे आलेलं शहाळं बघून, न रागावता सांगितलं.

मग वरात नववीच्या खोलीत आली. पुढे साहेब, मागे मॅडम, मागे रखमाजी. मुलं उठून उभी राहिली, 'नमस्ते' झालं, मुलं बसली. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा होता. तो मराठवाड्याच्या बाजूने जरा भिंतीपासून सुटलेला दिसत होता, पण त्यामागे काय आहे हे कोणी पाहिलं नाही. साहेबांनी खिशातून मोबाईल काढला.

"पूर्वी पातळी मोजायला पाणसळ घेऊन फिरायचो," ते म्हणाले. "आता यातच सगळं आलंय."

त्यांनी मोबाईल टेबलावर आडवा ठेवला. पडद्यावर एक हिरवा बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला आणि बरोबर मधोमध येऊन बसला.

"शून्य!" साहेबांना मनापासून आश्चर्य वाटलं. "शहरातसुद्धा इतकी सरळ खोली बघितली नाही मी."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. रखमाजी खाकरले. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग टेबलाच्या पायांकडे, मग परत सरांकडे. सर खिडकीबाहेरच्या भाताच्या खाचरांकडे बघत होते. खाचरं मात्र पाण्याने सपाट केलेली, जिथल्या तिथे सरळ होती.

"साहेब," रखमाजी म्हणाले, "ते फरशीवर ठिवून बगा की एकदा."

"ठेवलं असतं, सरपंच. पण मला वाकता येत नाही." साहेबांनी पट्ट्यावर थाप मारली. "तुम्ही ठेवता?"

"मला बी कुटं वाकवतंय आता?" रखमाजींनी सरांकडे पाहिलं. "सर?"

"माझे गुडघे," सर म्हणाले.

अशी तीन मोठी माणसं फरशीकडे वरूनच बघत राहिली. वाकू शकणारी पोरं खोलीत भरपूर होती, पण पोरांना विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. काम संपलं होतं. निघण्याआधी वर्गाशी दोन गोड शब्द बोलावेत म्हणून त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर 'बल व गती' असं लिहिलेलं होतं.

"वा! न्यूटनचा पहिला नियम कोण सांगेल?"

सरांची मान खिडकीकडून इकडे वळली. पण तोवर राजेश्वरी उठली होती. ती नेहमी पहिली उठायची. हात बाजूला, हनुवटी वर, आवाज खणखणीत.

"बाह्य बल लावले नाही आणि टेबलाखाली पुठ्ठा घातला, तर स्थिर वस्तू स्थिर राहते!"

मागच्या बाकावरून कोणीतरी 'आणि गतिमान वस्तू' असं पुढचं चालूही केलं होतं. ते मध्येच थांबलं.

"पुन्हा सांग," साहेब म्हणाले.

राजेश्वरीने पुन्हा सांगितलं. शब्द तेच, आवाज थोडा अधिक मोठा, कारण साहेबांना ऐकू कमी येत असावं असं तिला वाटलं.

"कसला पुठ्ठा, बाळ?"

आपल्या खात्याची पहिल्यांदाच वरून चौकशी होत होती. राजेश्वरी पुढे आली, टेबलापाशी बसली, दोन्ही पायांखालचा पुठ्ठा ओढून काढला आणि साहेबांसमोर धरला. 'अस्सल गूळ' ही अक्षरं त्यावर अजून वाचता येत होती.

टेबल खाली बसलं. खडूच्या डबीशेजारी ठेवलेली गोटी निघाली. घाई न करता टेबल ओलांडून ती फरशीवर पडली आणि खिडकीकडे चालू लागली. मधल्या रांगेतल्या मुलांनी तिला वाट देण्यासाठी, न सांगता, ओळीने पाय वर घेतले. खिडकीपाशी इर्शाद बसायचा. त्याने न बघता हात खाली सोडला आणि गोटी झेलली. वर्गात हे इतक्या वेळा झालेलं होतं, की कोणी हसलंसुद्धा नाही.

"आस्सं!" रखमाजी म्हणाले.

मॅडमनी खुर्चीच्या पाठीला धरलं.

साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सरांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सर, किती राहिलं तुमचं?"

"एक वर्ष."

"मला दोन." त्यांनी पट्टा थोडा सैल केला. "कुठे टाकतील तुम्हाला?"

"आंदर मावळात. वरच्या अंगाला."

"तिकडचा रस्ता वाईट आहे," साहेब म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "चहा म्हणत होतात ना तुम्ही? ऑफिसात घेऊ. आणि सर, मी इथे टेबल पाहिलं तेव्हा ते सरळ होतं. चहा पिऊन परत येईन. तेव्हाही ते सरळच असेल, तर मी तेच लिहीन. टेबलाखाली वाकून बघणं माझ्याच्याने होत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

"साहेब, आवो पर..." रखमाजी म्हणाले.

"सरपंच, चला. तुम्हीपण चहा घ्या."

साहेब, मॅडम आणि चेहऱ्यावरचा विकास सांभाळत रखमाजी ऑफिसकडे गेले. वर्गात सर उरले आणि मुलं. राजेश्वरी दोन्ही हातांत पुठ्ठा धरून उभी होती. काहीतरी चुकलं आहे आणि ते आपल्यामुळे चुकलं आहे, एवढं तिला कळलं होतं. काय, ते कळलं नव्हतं.

"सर," ती हळू म्हणाली, "घालू?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. 'घाल' म्हणायला त्यांना कसलेच कष्ट नव्हते. 'नको' म्हणण्यात दोन बस आणि चढण होती. त्यांनी 'घाल' म्हणण्यासाठी तोंड उघडलंही. पण त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली, आणि तो त्यांना जाड वाटला.

"किती थर आहेत गं?"

"तीन, सर. आन वरून वहीचं पान."

"तीन का? एकच घालतो ना आपण?"

"एकच व्हता, सर. जूनमधी एकच. गणपतीत गोटी सरकाया लागली म्हून मी दोन केले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन. आज सकाळी तीन बी कमी पडत व्हते, म्हून पान." तिला वाटलं, आपण न विचारता खर्च वाढवला म्हणून सर रागावतील. "खोकं मी घरूनच आणलं, सर. मामांचं चिक्कीचं दुकान हाय लोणावळ्याला."

सर टेबलाच्या कडेवर बसले. टेबल आता त्यांनाही खिडकीकडे सरकवू बघत होतं.

वर्षानुवर्षं एक थर पुरला होता. फरशी वाकडी होती, पण जशी होती तशी होती. तिच्यावर तुम्ही रागावू शकत होता, विश्वासही टाकू शकत होता. मग या पावसाळ्यात दुसरा थर. त्याहून लवकर तिसरा. आणि आता तिसऱ्यावर पान. याला काय म्हणतात, ते त्यांनी इतकी वर्षं शिकवलं होतं. वस्तू गतीत आहे, आणि गती वाढते आहे. त्वरण. खोली चालली होती. गोटी नव्हे, खोलीच निघाली होती खिडकीकडे. तिच्या वाटेत इर्शाद बसला होता, सानिया बसली होती, पाय वर घ्यायला शिकलेली अख्खी रांग बसली होती. आणि या पोरीने रोज सकाळी येऊन, अत्यंत जबाबदारीने, खोलीच्या चालण्याची मोजणी केली होती आणि ती टेबलाखाली ठेवून दिली होती.

ऑफिसातून कपबश्यांचा आवाज आला.

"सर, घालू ना?"

"नको," सर म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज फार थकलेला वाटला, जणू चढण चढून आलेला. "तो माझ्याकडे दे. आणि ऐका रे सगळे. उठा. बाहेर मैदानात चला."

"सर, पीटीचा तास हाय?" इर्शादने विचारलं.

"हो, पीटी."

"पर तुमी पीटी घेता?"

"आजपासून. दप्तरं राहू देत. खिडकीकडची रांग आधी. पळायचं नाही. धक्काबुक्की नाही. सानिया, डबा राहू दे म्हटलं ना."

मुलं ओळीने बाहेर गेली. सर सगळ्यात शेवटी निघाले. निघताना त्यांनी नकाशा एका बोटाने भिंतीपासून बाजूला केला आणि परत सोडला. मागे जी भेग होती तिला मराठवाडा पुरत नव्हता, ती विदर्भाकडे निघाली होती.

साहेब चहा पिऊन बाहेर आले तर नववीचा वर्ग करंजाच्या झाडाखाली हात वर-खाली करत होता, आणि राजमहंमद सर एक-दोन-तीन-चार म्हणत होते. त्यांचा स्वतःचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेत पुठ्ठा होता.

"सर," साहेब जवळ येऊन म्हणाले, "मी सांगून गेलो होतो तुम्हाला."

"हो. चहा बरा होता?"

"साखर फार होती." साहेब थोडा वेळ मुलांचे हात बघत राहिले. "किती वाईट आहे?"

सरांनी पुठ्ठ्याचे थर त्यांच्यासमोर एकेक करून उलगडले आणि महिने सांगितले. साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, कमरेला हात लावून सावकाश खोलीत गेले आणि त्याला नकाशा उतरवायला लावला. मग ते बाहेर आले. कुलूप आणा, एवढंच म्हणाले.

रखमाजी खुशीत आले. "आमी म्हनलं नव्हतं का? सर म्हंजे सरळ मानूस!"

"सरळ माणसाला कोणी विचारत नाही म्हणाला होतात तुम्ही, आबा."

"आता इचारतील की! नवीन इमारतीच्या पाटीवर नाव टाकू तुमचं."

अनघा मॅडम मात्र स्कूटरपाशी उभ्या होत्या. सर जवळ गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त्या खोलीत रोज दोन तास घ्यायचे, सर." आणि मग बराच वेळ त्यांना हेल्मेटचा पट्टा लावता आला नाही.

सरांच्या बदलीचा आदेश आश्चर्यकारक वेगाने आला. वेगानेच म्हणायला हवं, कारण याला दिशा होती.

जाण्याआधी सरांना एक तास मिळाला. कामशेतचा टेम्पो ठरेपर्यंत नववीचा वर्ग समाजमंदिरात बसत होता. ग्रामपंचायतीने लग्नाच्या पंगतींसाठी तिथे नवी फरशी घातली होती, आणि लग्नाचं काम असल्यामुळे ती सरळ घातली होती. सरांनी इर्शादला गोटी जमिनीवर ठेवायला सांगितली.

गोटी थांबली.

मुलांनी थोडी वाट पाहिली. मग मधल्या रांगेने सवयीने पाय वर घेतले. गोटी होती तिथेच होती. सर खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होते. नोकरीत आल्यापासून त्यांना हे असं, काहीही न घालता, बघायचं होतं. बघून झाल्यावर त्यांना वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. थोडी झोप आली.

राजेश्वरी उठली. तिचं खातं बरखास्त झालेलं होतं. ती गोटीपाशी बसली, गाल फरशीला टेकवून तिच्याखाली बघितलं आणि वर पाहिलं.

"सर, पुठ्ठा कुटं हाय?"

"नाहीये."

"मंग थांबली कशी?"

"अशीच थांबते ती. बाह्य बल लावलं नाही तर."

राजेश्वरीने मान डोलवली. सर म्हणताहेत तर असेल. पण तिचा विश्वास बसला नव्हता हे तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. मागच्या बाकावर कोणीतरी हळूच दुसऱ्याला म्हणालं, "फरशीच्या खालून घातला असंल."

खोली पडली नाही. हे सांगायला हवं, कारण गोष्टीत अशी खोली मुलं बाहेर पडताच कोसळते आणि ऐकणाऱ्याचं समाधान होतं. करंजवाडीची खोली महिना झाला, दोन झाले, तरी कुलूप लावून उभी होती. नवीन इमारतीचा नारळ फुटला. त्यापुढे काही फुटलं नाही. चावडीवर बसलेली माणसं सरांना जाता-येता हाक मारत, "सर, आवो खोली पडंना की वो तुमची!" सर म्हणत, "चालायचंच." आणि खरोखर ती खोली कुलपाआड आपल्या चालीने चालतच असणार, हे त्यांना ठाऊक होतं. चावडीला समजावून सांगायचं तर त्वरणापासून सुरुवात करावी लागली असती, आणि पहिली बस चुकली असती.

पहिली बस सकाळची. हसिनाबींनी डब्याच्या पिशवीत गुडघ्याला लावायचं तेल घातलं होतं.

"पडली असती तर बरं झालं असतं का?" त्या दारात म्हणाल्या. त्या ते थट्टेने म्हणाल्या की खरंच, ते सरांना कळलं नाही.

"रिकामी पडायला हरकत नव्हती," सर म्हणाले. "लोकांची तोंडं तरी बंद झाली असती."

"लोकांची तोंडं? त्यांना कुठला पुठ्ठा पुरणार?" त्यांनी पिशवी सरांच्या खांद्याला नीट अडकवली. "जा. धरून बसा."

फाट्यावर कामशेतचा टेम्पोही उभा होता. त्यात नववीची मुलं भरलेली. राजेश्वरीने आतून हात केला, इर्शादने गोटी दाखवली. मग टेम्पो त्यांच्या वाटेने गेला. एकूणएक मुलं आत होती. सरांनी ती मोजली नाहीत, नुसती बघितली.

बस आली. बसायला जागा नव्हती. पुढच्या आसनांवर कामावर निघालेले तरुण बसले होते, त्यांच्या कानांत गाणी होती. सरांनी एका हाताने वरचा दांडा धरायचा प्रयत्न केला, पण खांदा तिथवर जाईना. दुसऱ्या हातात डबा होता.

"मास्तर, धरा कुठंतरी!" कंडक्टर ओरडला आणि त्याने दोनदा घंटी मारली.

बस अचानक सुरू झाली. राजमहंमद सर मागे झुकले.

कारण द्या. गुण दोन.